'एक जुना प्रेक्षक' यांना उत्तर : शांताराम, संयम आणि भपका

'एक जुना प्रेक्षक' यांस,

व्ही. शांताराम यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांना शोधाशोध नको म्हणून ती इथे पूर्ण उतरवतो : "लेख वाचून करमणूक झाली. शांतारामांचा संयम प्रभातमध्येच राहिला, राजकमलला उरला तो नुसता भपका. प्रभातचं खरं श्रेय दामले-फत्तेलालांचं. 'पिंजरा' तर जर्मन चित्रपटावरून उचललेला. संध्याबाईंबद्दल न बोललेलं बरं. अभ्यास करून लिहीत जा."

यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य ही मतं नाहीत, टपल्या आहेत. टपली मारायलाही माझी ना नाही, पण ती नावानिशी मारावी. 'जुना प्रेक्षक' हे काही नाव नव्हे, ती सेवाज्येष्ठता झाली. आणि सेवाज्येष्ठतेवरून चित्रपट कळतो असं असतं, तर आमच्या गावातल्या टॉकीजचा डोअरकीपर हा महाराष्ट्रातला पहिल्या नंबरचा समीक्षक ठरला असता.

अभ्यासाचं म्हणाल, तर माझे वडील त्याच टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मी खुर्चीत बसून चित्रपट पाहायला लागलो तो फार उशिरा. त्याआधी मशीनच्या खोलीतल्या चौकोनी भोकातून पाहिले, रीळ गुंडाळता गुंडाळता. 'नवरंग' आणि 'पिंजरा' मॅटिनीला पुन्हा पुन्हा लागायचे, त्यामुळे कुठल्या रिळाला कुठलं गाणं हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पुढे फिल्म सोसायटीत 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' पाहिले, त्यांवर भांडलो, टिपणं काढली. हे सगळं मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण स्वतःची प्रमाणपत्रं भिंतीवर टांगायची मला सवय नाही. आपण भाग पाडलंत.

आता आपलं दुसरं वाक्य. (नव्या वाचकांसाठी : प्रभात ही शांतारामांची दामले, फत्तेलाल यांच्या भागीदारीतली चित्रपटसंस्था; राजकमल ही ती सोडल्यावर मुंबईत परळला काढलेली त्यांची स्वतःची.) खरं बोलण्यासारखं तेवढंच आहे.

'प्रभातमधला संयम' हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तो उच्चारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी एकच चित्रपट असतो, १९३७ चा 'कुंकू'. ना. ह. आपट्यांची कादंबरी, शांता आपटेंची नीरा, केशवराव दात्यांचे काकासाहेब. म्हातारा बिजवर आणि त्याला नवरा मानायलाच नकार देणारी मुलगी. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे आवाज दृश्यात आहेत तेच कानावर पडतात. याला आपण संयम म्हणता. मला विचाराल तर तो त्या काळातला सर्वांत मोठा भपका होता. संगीताशिवाय बोलपटाचं पान हलत नव्हतं, केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार पदरी होता, आणि अशा वेळी हा गृहस्थ म्हणतो, पार्श्वसंगीत नको! ही माघार नव्हे, सगळ्यांचे कान आपल्याकडे ओढून घेण्याची युक्ती आहे. ते भिंतीवरचं जुनं घड्याळ आठवा. काकासाहेबांचं वय त्या घड्याळाच्या तोंडून इतक्यांदा वदवून घेतलं आहे की शेवटच्या बाकावरच्या पोरालाही समजावं. संयमी दिग्दर्शकाने ते घड्याळ एकदा दाखवून सोडून दिलं असतं. शांताराम सोडत नाहीत. ते कधीच काही सोडत नाहीत, आणि मला आवडतात ते त्यासाठीच.

'कुंकू'च्या आधीचं बघा. १९३४ चा 'अमृतमंथन' हा पुण्याच्या स्टुडिओत आल्यावरचा प्रभातचा पहिला चित्रपट. त्यात टेलिफोटो लेन्स लावून राजगुरूचा एक डोळा अख्ख्या पडद्यावर पसरला आहे. हा संयम? 'अमरज्योती'त दुर्गा खोटे समुद्री चाच्यांच्या राणी आहेत, जहाजं आहेत, सूड आहे. साल १९३६, म्हणजे 'कुंकू'च्या आदल्याच वर्षी. 'शेजारी' घ्या, १९४१. दोन म्हाताऱ्या मित्रांची, एक हिंदू आणि एक मुसलमान, साधी घरगुती गोष्ट. आणि तिचा शेवट कशात? धरण फुटण्यात. बुद्धिबळाच्या पटावर मिटवता आली असती ती गोष्ट, पण शांतारामबापूंना धरण हवं होतं. 'माणूस'मध्ये शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात' एका भाषेत भागत नाही, निरनिराळ्या भाषांची कडवी एकाच गाण्यात ओवली जातात. आणि हा म्हणे पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्यावरचा वास्तववादी चित्रपट. आहेच तो वास्तववादी, पण गाणं मात्र षट्कार.

आणि रंग. तुमची जी ठाम समजूत दिसते, की १९५५ ला 'झनक झनक पायल बाजे'ला टेक्निकलर मिळाला आणि माणूस बिघडला, तिच्याबद्दल. शांतारामांना रंगाची भूक लागली ती १९३३ ला. 'सैरंध्री'च्या प्रिंट रंगीत करण्यासाठी ते जर्मनीला गेले. प्रयोग फसला, रंग मनासारखे उतरले नाहीत. पण विषय कुठला निवडला होता बघा. त्यांच्या गुरूंनी, बाबूराव पेंटरांनी, १९२० ला केलेली मूक 'सैरंध्री'. बाबूराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. रंगवलेला पडदा, त्यावर महाल, पुढे पौराणिक पात्रं, या वातावरणात कोल्हापूरचा हा मुलगा तयार झाला. त्याच बाबूरावांनी १९२५ ला 'सावकारी पाश' केला आणि त्यातला कर्जात बुडालेला तरुण शेतकरी झाला कोण, तर शांताराम. म्हणजे रंगवलेला पडदा आणि कुणब्याचं खोपटं या दोन्ही गोष्टी एकाच कारखान्यातून त्यांच्याकडे आल्या. एक प्रभातला ठेवली आणि दुसरी परळला नेली, अशी वाटणी झालेलीच नाही. १९४२ ला प्रभात सोडताना ते संयमाचं गाठोडं पुण्याला विसरून आले, हे चित्र रंजक आहे, खरं नाही.

खरं नाही याचा पुरावा तुमच्या आवडत्या कॅलेंडरातच आहे. 'झनक झनक' १९५५. 'दो आंखें बारह हाथ' १९५७. 'नवरंग' १९५९. मधलं नाव पुन्हा वाचा. काळापांढरा चित्रपट, सहा खुनी, एक जेलर, एक उजाड माळ. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली, गदिमांच्या लेखणीतून उतरलेली गोष्ट. बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं. ज्याला तुम्ही भपक्याच्या आहारी गेलेला म्हणता, त्याने रंगीत यश खिशात असताना रंग बाजूला ठेवला आणि कामानंतर पुन्हा उचलला. याला अधोगती म्हणत नाहीत. कामाला लागणारं हत्यार निवडणं म्हणतात. त्याच चित्रीकरणात बैलाबरोबरच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, डोळ्यांवर पट्टी आली, आणि त्या अंधारातून 'नवरंग' सुचला. डोळे बांधलेल्या माणसाने रंगांचं स्वप्न पाहिलं, आणि तुम्ही त्याला विचारता की एवढे रंग कशाला? त्यातल्या 'अरे जा रे हट नटखट' या गाण्यात संध्याबाई, त्यांच्या नायिका आणि पत्नी, एका बाजूने स्त्री आणि पाठीमागे मुखवटा बांधून दुसऱ्या बाजूने पुरुष होऊन नाचतात. तो शॉट मी मशीनच्या खोलीतून पाहिला आहे आणि खालच्या प्रेक्षागृहात शिट्ट्यांनी छप्पर हलताना ऐकलं आहे. तिथे संयमाची मागणी करणारा कुणी दिसला नाही. तुम्ही होतात का?

निष्पक्षपणे सांगायचं तर 'झनक झनक'मधली काही सजावट मलाही डोळ्यांत खुपते, आणि 'सेहरा' पुन्हा पाहायला मला कुणी पैसे दिले तरी विचार करावा लागेल. हे मान्य. यावरून त्यांची अख्खी शैली मोडीत काढायची असेल, तर मग कुठलाच दिग्दर्शक उरत नाही.

बाकीच्या मुद्द्यांत फारसं काही नाही.

दामलेमामा आणि साहेबमामा फत्तेलाल यांची नावं माझ्या लेखात होती, शोधा म्हणजे सापडतील. १९३६ चा 'संत तुकाराम' त्यांचा, व्हेनिसला गाजलेला, हे मराठी माणसाला सांगायला लागत नाही. तो शांतारामांच्या कुठल्याही चित्रपटापेक्षा शांत आहे, हेही खरं. पण प्रभातचं सगळं श्रेय त्यांचं असं म्हणायचं ठरवलं, तर 'अमृतमंथन'चे ते अवाढव्य सेट कुणाचे? कलादिग्दर्शक फत्तेलालच होते. मग तो भपका कुणाच्या खात्यावर मांडायचा? आपण यावर जरा विचार करा, मला घाई नाही.

'पिंजरा' आणि जर्मन चित्रपट 'द ब्लू एंजल' यांचं नातं शोधून काढल्याबद्दल अभिनंदन. १९७२ पासून ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षक नाचगाणं करणाऱ्या बाईच्या नादी लागून बुडतो, एवढं साम्य. पण स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून शिक्षा भोगणारा मास्तर जर्मन चित्रपटात नाही, आणि डॉ. लागूंचा तो आदर्शाचा पुतळा वाचवण्यासाठी गप्प राहणारा चेहरा कुठूनही उचलता येत नाही.

संध्याबाईंबद्दल 'न बोललेलं बरं' असं म्हणत आपण बोललातच. त्यांचा अभिनय मोठ्या हातवाऱ्यांचा आहे, मान्य. दिग्दर्शकाला तेच हवं होतं. 'झनक झनक'मध्ये गोपीकृष्णांसमोर उभं राहून नाचायचं आणि पडद्यावरून पुसलं जायचं नाही, ही गोष्ट खुर्चीत बसून टोमणा मारण्याइतकी सोपी नाही. यावर मी इथे अधिक लिहिणार नाही, कारण या विषयावर आपल्याकडे चर्चा अभिनयावरून कुठे घसरते ते मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

काही वाचकांनी ही प्रतिक्रिया काढून टाका असं कळवलं. काढणार नाही. टीका मला चालते. 'करमणूक झाली' हेदेखील चालतं, करमणूक करणाऱ्या माणसावरचाच लेख होता. पुढचा लेख 'माणूस'वर आहे. त्यातही आपल्याला शांतारामांचा संयम दिसला, तर जरूर लिहा. फक्त या वेळी कुठल्या दृश्यात दिसला तेवढं सांगा.