तिकिटाचा रुपया आणि पापाचा वाटा

गेल्या उपवासकाळात, म्हणजे इस्टरआधीच्या दिवसांत, आमच्या वेंगुर्ल्याकडच्या कॅथलिक ग्रुपांवर एक मेसेज फिरत होता. राखेच्या बुधवारपासून झावळ्यांच्या रविवारपर्यंत तो माझ्याकडे सात वेळा आला. थोडक्यात असा: ‘ख्रिस्ती माणसाने सिनेमाच्या तिकिटाला, वेब सिरीजला, दशावताराच्या वर्गणीला दिलेला प्रत्येक रुपया सैतानाच्या पेटीत पडतो. पैसा देणारा त्या पापात भागीदार. वाईटाचा नुसता भास असेल तिथूनही दूर राहा असं संत पौल सांगतो. पहिले ख्रिस्ती तमाशे बघायला जात नसत. म्हणून ख्रिस्ती लोकांनी बनवलेलंच पाहा.’ खाली जोडलेले हात आणि तीन ज्वाळा.

कशाला पैसे द्यायचे हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही. माझं भांडण उत्तराशी आहे.

आधी रुपयाचं बघू. मेसेजवाल्याने तो मुद्दा हवेतून काढलेला नाही, हे कबूल करायला हवं. 1963 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांवर जो आदेश काढला, त्यात प्रेक्षकाच्या कर्तव्यांचा एक परिच्छेद आहे. आपल्या आत्म्याला अपाय करणारं, दुसऱ्याला वाईट वळण लावणारं टाळा. अशा गोष्टी बघून, ही साधनं फक्त नफ्यासाठी वापरणाऱ्यांच्या पदरात पैसे टाकू नका, असा त्याचा आशय. पण तिथेच पुढे माहिती करून घ्या, सद्सद्विवेकबुद्धीला वळण लावा, असंही म्हटलं आहे. म्हणजे पारख करा. मेसेज पारखायला सांगतच नाही, सरसकट भागीदार ठरवून मोकळा होतो.

भागीदारीचा हा प्रश्न चर्चमध्ये शेकडो वर्षं चघळला गेलाय. अठराव्या शतकात संत अल्फोन्सस लिगोरी यांनी त्याची जी मांडणी केली, ती आजही नीतिशास्त्रात शिकवतात. दुसऱ्याच्या पापाला मनापासून सामील होणं वेगळं, आणि आपल्या साध्या कृतीचा त्याला कुठेतरी लांबून हातभार लागणं वेगळं. पहिलं नेहमीच चूक. दुसऱ्यात किती जवळून, किती गरजेचा, कोणत्या कारणासाठी, हे तोलावं लागतं. शंभर-दोनशेच्या तिकिटातून कर जातो, थिएटरवाल्याचा वाटा जातो, वितरकाचा जातो, उरलेलं निर्मात्याकडे. पॉपकॉर्न विकणारी मुलगी त्यावर घर चालवते. यातला नेमका कुठला रुपया सैतानाचा?

आणि हाच नियम लावायचा तर बाजारात लावून बघा. एलईडी दिवे लावून मासे धरायला केंद्राने 2017 साली बंदी घातली. त्या बोटींविरुद्ध मालवणचे पारंपरिक मच्छीमार किती वेळा रस्त्यावर उतरले, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. तरी बाजारात बांगड्याची टोपली समोर आली की आपण काय बघतो? डोळा, कल्ला आणि भाव. हा कुठल्या बोटीचा, असं कोण विचारतं? करिंथच्या ख्रिस्ती लोकांपुढे नेमका हाच पेच होता. मटणबाजारातलं मांस मूर्तीपुढे ठेवून आलेलं असायचं. पौलाने त्यांना लिहिलं: बाजारात विकतात ते खा, उगाच विचारपूस करत बसू नका. पण तीन ओळींनी पुढे तो म्हणतो, कोणी तुम्हाला सांगितलंच की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनाखातर खाऊ नका. मला यात एक व्यवहारी शहाणपण दिसतं. जगातल्या प्रत्येक रुपयाचा माग काढायची सक्ती नाही. पण समोर माणूस उभा राहिला आणि त्याने सांगितलं, की मग कानाडोळा करायची मुभाही नाही.

रुपयावरच्या या भराची एक गंमत सांगते. मेसेज पाठवणाऱ्यांत माझे एक मामा होते. इस्टरनंतर त्यांच्याकडे गेले, तर मामा मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून नवा सिनेमा बघत होते. थिएटरात चोरून चित्रित केलेला, मध्येच कोणाचं तरी डोकं आडवं जाणारा. मी म्हटलं, “मामा, तो मेसेज?” तर म्हणाले, “अगो, मी खंय पैशे दितंय? तां फुकटचां आसा!” मेसेजच्या हिशेबाने मामा चोख. पैसा दिला नाही, तर पाप नाही. मधल्या मध्ये सातवी आज्ञा (प्रॉटेस्टंट मोजणीत ती आठवी), चोरी करू नको, कुठे गेली ते त्या ज्वाळांनाच ठाऊक. शिवाय फुकटचं काहीच फुकट नसतं. व्हिडिओ बघताना आधी साबणाची जाहिरात लागते, तेव्हा आपण बसलो म्हणूनच बनवणाऱ्याला पैसे मिळतात. महिन्याची वर्गणी भरून बघतो तिथे तर पैसे आधीच गेलेले असतात. कंपनी मोजते ती आपण कशापुढे किती वेळ बसलो ते. तेव्हा पाकीट बंद ठेवून हात झटकता येत नाहीत.

‘वाईटाचा भास’ या वाक्याला फार वेळ द्यायला नको. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातलं ते वचन जुन्या इंग्रजी बायबलात ‘भास’ वाटेल अशा शब्दाने आलंय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रूपही होतो आणि प्रकारही. आपल्या मराठी बायबलात सर्व प्रकारच्या वाइटापासून दूर राहण्याची गोष्ट आहे, भासाची नाही. आणि त्याच्या आदल्याच वचनात पौल सांगतो की सगळं पारखून घ्या, चांगलं ते धरून ठेवा. मेसेजवाल्याने तेवढंच कापलं!

पहिले ख्रिस्ती तमाशे बघत नसत, हे मात्र खरं आहे. इसवी सन 200च्या सुमाराला कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पण ते तमाशे म्हणजे काय होतं? देवतांच्या नावाने भरवलेले खेळ, आणि रिंगणात माणसं खरोखर मारली जायची. याबाबतीत मला टर्टुलियनपेक्षा संत ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात सांगितलेली त्याच्या मित्राची, अलीपियसची गोष्ट जास्त लागते. मित्रांनी त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या झुंजीला नेलं. शरीर नेलंत, डोळे नेऊ शकणार नाही, म्हणत तो डोळे घट्ट मिटून बसला. कोणीतरी पडला, लोक ओरडले, आणि याने डोळे उघडले. मग ते काही मिटेनात. पुढे तोच इतरांना ओढून न्यायला लागला. या गोष्टीत तिकिटाचा प्रश्न कुठे येतच नाही. डोळे उघडले तेव्हा त्याच्या आत जे बदललं, त्याची ही गोष्ट आहे. बघितल्याने माणूस बदलतो, हे मेसेजचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून तर ‘मी फक्त टाइमपास म्हणून बघते’ हे स्वतःचंच वाक्य मला हल्ली टोचतं.

आता दशावतार, कारण माझा खरा राग इथे आहे. जत्रेच्या रात्री देवळापुढे पेटी-मृदंग सुरू होतं, आधी गणपती येतो, शंकासुर पोरांना घाबरवतो, मग आख्यान पहाटेपर्यंत चालतं. सुरुवातीला पूजा असते. तेव्हा मी बाहेर शेवखाजाच्या दुकानाशी उभी असते, आणि शेजारच्या काकी माझ्यासाठी गोणपाटावर जागा धरून ठेवतात. त्यांना ते कळतं, मला ते कळतं, कोणी कोणाला समजावत बसत नाही. पूजेत भाग घेणं आणि नाटकाला बसणं यातली रेषा वेंगुर्ल्यातल्या एका काकींना दिसते, मेसेजवाल्याला दिसत नाही. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री नऊवारी नेसून, लेखी संहिता नसताना, द्रौपदीची बाजू अशी मांडतो की समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावतात. त्या वर्गणीतला माझा पन्नासचा वाटा मला पाप वाटत नाही. आणि आमच्या खुरसाकडे (क्रुसापाशी) लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना असते, तेव्हा त्याच काकी नंतर वाटतात त्या चण्यांसाठी थांबतात.

नुसत्या रूपावरून वाईट ठरवण्याचा खेळ या किनाऱ्याने आधी पाहिलाय. 1616 साली गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. जन्माने इंग्रज असलेल्या या जेजुइट धर्मगुरूने येशूची कथा मराठी ओवीत घातली, ज्या छंदात इथले लोक आपल्या देवांच्या कथा ऐकत होते त्यात. आणि 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती लग्नात ओव्या गाण्यावर बंदी घातली. ओवी तीच. एकाने तिच्यात काय भरता येईल ते पाहिलं, दुसऱ्यांनी ती कोणासारखी दिसते ते पाहिलं. माझ्या आत्याच्या लग्नात रोसाच्या दिवशी, म्हणजे नवरीला नारळाचं दूध लावतात त्या दिवशी, आजी ते दूध पिळता पिळता ओव्या गात होती. बंदीला अडीचशे वर्षं उलटली होती. आजीला त्या फर्मानाचा पत्ताही नव्हता.

राहिला शेवटचा मुद्दा, ख्रिस्ती लोकांनी बनवलेलंच पाहा. सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1995 साली, व्हॅटिकनने 45 उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली. तिच्या धर्मविषयक गटात मत्तयच्या शुभवर्तमानावरचा, इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा चित्रपट आहे. पासोलिनी नास्तिक आणि मार्क्सवादी! यावर आणखी काय बोलायचं.

बोलायचं आहे ते उलट बाजूबद्दल. दोन वर्षांपूर्वी आमच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, रात्री चर्चच्या मैदानात कार्यक्रम झाला. घरटी पाचशे वर्गणी, मीही दिली. कमिटी ख्रिस्ती, निवेदक ख्रिस्ती, सुरुवात प्रार्थनेने. मग कॉमेडीवाला आला आणि त्याने लंगडणाऱ्या माणसाची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. मीही हसले. तिसऱ्या रांगेत एक मुलगा होता, त्याचा पाय जन्मापासून तसा आहे. त्याच्या आईने हातातली चण्यांची पुडी त्याच्यापुढे धरली, जणू तेवढ्यासाठीच ती वळली होती. त्याने एक चणा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

तिथे माझा रुपया लांबचा नव्हता. मधे थिएटर नव्हतं, वितरक नव्हता. मी दिला, आणि तीन रांगांवर तो जाऊन लागला. त्या वर्गणीविरुद्ध मात्र आजवर एकही मेसेज फिरला नाही.

यंदाच्या फेस्ताची मीटिंग येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. वर्गणी मी देणार आहे. त्याआधी कमिटीला विचारणार आहे, कॉमेडी कोण करतोय आणि कोणावर. मामांनाही घेऊन जाईन म्हणते.