अरबीत सव्वा कोटी शब्द? तो आकडा शब्दांचा नाहीच

परत तोच फॉरवर्ड आलाय, अरबीत 1 कोटी 23 लाख शब्द आहेत, एकट्या सिंहाला 500 नावं आहेत आणि 1400 वर्षांपूर्वीची अरबी आजचा कुठलाही अरब सहज वाचतो. मला ही भाषा मनापासून आवडते म्हणूनच हे पसरलेलं बघवत नाही.

आधी तो आकडा. कॅल्क्युलेटर घ्या. अरबीची अक्षरं 28, एकही अक्षर रिपीट न करता दोनाक्षरी जुळण्या 28 गुणिले 27 म्हणजे 756, तीनाक्षरी 19,656, चाराक्षरी 4,91,400, पाचाक्षरी 1,17,93,600, बेरीज करा, 1,23,05,412. हाच तो आकडा! आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या (आजच्या इराकमधलं शहर) कोशकार खलील इब्न अहमदच्या नावावर हा हिशोब सांगतात, आणि तो फक्त अक्षरं किती प्रकारे जुळू शकतात एवढाच आहे. त्यातलं बहुतेक कोणी कधी बोललंच नाही, त्याला जुने कोशकार 'मुहमल' म्हणायचे, म्हणजे वापरात नसलेलं. तेराव्या शतकातल्या 'लिसान अल-अरब' सारख्या अवाढव्य कोशातही मूळ धातू साधारण 9 हजारच, त्यांच्यापासून कितीही शब्द बनवा, कोटीचा पत्ता नाही.

आता 500 नावं. हा दावा दहाव्या शतकातल्या इब्न खालवैह या भाषापंडिताचा. त्याचाच एक किस्सा आहे, सीरियातल्या अलेप्पोच्या दरबारात तो म्हणाला मला तलवारीची 50 नावं पाठ आहेत, तर दुसरा व्याकरणकार अबू अली अल-फारिसी म्हणाला मला एकच माहितीये, सैफ. मग मुहन्नद, सारिम वगैरे? फारिसीचं उत्तर, ती विशेषणं! मुहन्नद म्हणजे हिंदची, सारिम म्हणजे कापणारी. सिंहाचंही तसंच, अब्बास म्हणजे कपाळाला आठ्या घातलेला. मला फारिसीचं बरंचसं पटतं, पूर्ण नाही, कारण कवितेत नुसतं मुहन्नद आलं तरी तलवारच समजतात.

आणि 'सहज वाचतो' हे तर अजिबातच नाही. अनोळखी शब्दांना अरबीत 'गरीब' म्हणतात (आपला गरीब तोच, मूळ अर्थ परका), आणि कुराण-हदीसमधल्या अशा शब्दांवर नवव्या शतकापर्यंत वेगळी पुस्तकं लिहावी लागली होती. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास, एवढे मोठे जाणकार, त्यांच्याबद्दल परंपरा सांगते की कुराणातल्या 'फातिर' (सुरुवात करणारा, निर्माता) या शब्दाचा अर्थ त्यांनाही नीट माहीत नव्हता, मग दोन बेदुइन (वाळवंटातले भटके अरब) एका विहिरीवरून भांडत आले आणि त्यातला एक म्हणाला 'अना फतरतुहा', म्हणजे ही खणायला सुरुवात मी केली, तेव्हा कुठे तो त्यांना कळला.