पंखा आग वाढवतो, कमी करत नाही

कोळशाच्या ग्रिलला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि छोटा ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा पंखा, जोडून तापमान आपोआप ११० अंश सेल्सिअसवर ठेवण्याची कृती लेखात छान दिली आहे. एक मुद्दा मात्र राहून गेला. पंखा बंद झाला म्हणून आग खाली येत नाही. झाकणाच्या फटीतून हवा शिरतच राहते आणि तापमान १५० च्या वर जातं. म्हणून आधी फटी बुजवा, वरचं धुराडं जवळजवळ बंद ठेवा आणि ब्लोअरच्या तोंडाशी पत्र्याची हलकी झडप बसवा. पंखा थांबला की ती आपल्या वजनाने पडली पाहिजे. पीआयडीचे, म्हणजे तापमानातल्या फरकानुसार पंख्याचा वेग ठरवणाऱ्या हिशोबाचे, आकडे जुळवायचे ते त्यानंतरच.

दुसरं, झाकण उघडलं की प्रोब (ग्रिलमधलं तापमान मोजणारी सळी) थंड पडतो. कंट्रोलरला, म्हणजे आर्डुइनोला, वाटतं आग विझली, तो पंखा पूर्ण वेगाने सोडतो आणि ग्रिलवरचं डुकराचं मांस बाहेरून करपतं. तापमान एकदम वीसेक अंशांनी उतरलं तर पंखा काही मिनिटं बंदच राहील, एवढं कोडमध्ये घालाच.

आमच्या गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी जोडण्यांकडे विशेष लक्ष द्यावं. खाऱ्या हवेने तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि थर्मोकपलचं (प्रोबमधल्या तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचं) वाचन उड्या मारू लागतं. हे वाचन आर्डुइनोला कळवणारी मॅक्स६६७५ चिपची पट्टी झाकण असलेल्या डब्यात ठेवा, जोडण्यांचे स्क्रू पावसाळ्यानंतर काढून घासा. करवंटीचा कोळसा वापरणार असाल तर सगळा एकदम पेटवू नका, एका टोकाला चार निखारे पुरतात.

झडपेचं माप कुणाला हवं असल्यास इथेच विचारा, सांगतो.