जपानीला घरात काहीतरी काम द्या

जपानी शिकलेली पुण्यातली मंडळी भेटली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "एन-टू झालं होतं गं, पण आता सगळं गेलं." एन-टू म्हणजे जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची वरून दुसरी पायरी. कुणी चाकणच्या कंपनीत इंटरप्रिटर होतं, कुणी रानडे इन्स्टिट्यूटला बॅचमध्ये होतं, कुणी वर्षभर जपानात राहून आलेलं. आणि पुढचा बेतही सगळ्यांचा एकच, पुन्हा क्लास लावायचा. मला विचाराल तर लावू नका. पैसे जातील, दोन महिने उत्साह राहील, मग दिवाळी येईल. येत असलेली भाषा टिकवायची तर तिला घरात काहीतरी काम द्यावं लागतं. रोजचं, फालतू, आणि टाळता न येणारं.

इंटरप्रिटरचं काम सोडून मला बरीच वर्षं झाली. आताच्या ऑफिसात जपानीचा एक शब्द लागत नाही. तरी बोलायची वेळ आली तर मी अडत नाही, आणि त्याचं श्रेय माझ्या चिकाटीला मुळीच नाही. मी महाआळशी आहे. म्हणूनच हे लिहितेय, चिकाटीवाल्यांना सल्ल्याची गरज नसते.

आधी परीक्षेबद्दल. जेएलपीटी आपण फार मनावर घेतो. जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे आपल्या लोकांची पंढरीची वारीच. पण त्या परीक्षेत असतं काय? शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं. बोलणं नाही, हाताने लिहिणं नाही, फक्त गोळे काळे करायचे. तोंडातून एक धड वाक्य न काढता माणूस एन-टू होऊ शकतो, आणि होतातही. वर त्या प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे भाषा कपाटातल्या फाइलमध्ये सुखरूप आहे असं वाटत राहतं. परीक्षेने जे कधी विचारलंच नाही तेच सगळ्यात आधी जातं.

सगळंच जातं असंही नाही बरं का. हॅरी बाहरिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून जास्त लोकांना तपासलं, त्यातल्या काहींचं शिक्षण होऊन 50 वर्षं उलटलेली. दिसलं असं की पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरीच गळती होते, पण त्यानंतर जे उरतं ते पुढची पंचवीसेक वर्षं जवळपास तसंच राहतं. आणि मुळात ज्यांनी जास्त शिकलेलं, त्यांचं जास्त उरलेलं. म्हणजे "सगळं गेलं" म्हणून रडणाऱ्यांचं बरंच काही आत शाबूत असणार. काळजी करायची ती क्लास सुटल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांची, आणि नेमकी तेव्हाच आपण लग्न, नोकरी, मुलं यात बुडालेलो असतो. तेव्हा ज्याला वेगळा वेळ लागतो असा कुठलाही उपाय बाद.

आता स्वयंपाकघरात या. जपानीत नुसतं एक-दोन-तीन म्हणून भागत नाही. वस्तू कशी आहे त्यावर मोजायचा शब्द बदलतो. लांबट असेल तर एक, चपटी-पातळ असेल तर दुसरा, पेल्यात असेल तर तिसरा. वर्गात हे पाठ करताना जीव जायचा. पण शेवग्याच्या शेंगा निवडायला घेतल्या की इप्पोन, निहोन, साम्बोन, योन्होन, गोहोन, रोप्पोन. ते प, ह, ब कुठे बदलतात ते आता जिभेलाच ठाऊक झालंय. पोळ्या चपट्या, म्हणून इचिमाइ, निमाइ, साम्माइ. वाळलेले कपडे घड्या घालतानाही तेच माइ. चहाचे कप इप्पाइ, निहाइ, साम्बाइ. पार्किंगमधली मांजरं इप्पिकि, निहिकि, साम्बिकि. केळं एक असेल तर इप्पोन, पण फणी आली की वेगळा शब्द. पोळ्या तशाही मोजाव्या लागतातच, त्यामुळे हा अभ्यास बुडत नाही. आमच्या सासूबाईंनी सुरुवातीला "काय गं पुटपुटतेस?" असं विचारलं होतं. आता त्यांना ते स्तोत्रासारखं सवयीचं झालंय.

तारखांचंही तसंच. पहिली ते दहावी तारीख सगळी वेडीवाकडी, त्सुइताची, फुत्सुका, मिक्का असं करत. चौथी योक्का आणि आठवी योओका यात भलेभले घसरतात. मी कालनिर्णयावर दूधवाल्याचा खाडा मांडताना तारीख मोठ्याने जपानीत म्हणते. बस.

कांजींचं, म्हणजे चिनीवरून घेतलेल्या जपानी अक्षरांचं, दुखणं जरा मोठं. नेहमीच्या वापरातल्या म्हणून सरकारी यादीतल्याच 2136, आणि फोनवर टाइप करून करून खुद्द जपानी माणसांनाही हाताने लिहिताना अडायला होतं. मी सगळ्या जपायचा हट्ट सोडून दिलाय. वाण्याची यादी मात्र हाताने आणि जपानीतच लिहायची. दूध, अंडी, कांदे, साखर, मीठ, तांदूळ या कांजी त्यामुळे पक्क्या राहिल्यात. हिंग आणि साबुदाणा काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या लिपीत. बाजारात नवरा जातो, त्याला ओ की ठो कळत नाही, म्हणून निघताना यादी मलाच मराठीत वाचून दाखवावी लागते. कटकट वाटेल, पण म्हणूनच लिहिणं आणि वाचणं दोन्ही होतं.

भांडी घासताना मी रेडिओ जपानच्या जपानी बातम्या लावते आणि निवेदकाच्या मागोमाग अर्ध्या सेकंदाने तेच बोलत जाते. इंटरप्रिटर लोक याला शॅडोइंग म्हणतात. अर्थ कळला नाही तरी थांबायचं नाही. नुसतं ऐकलं तर माझं मन पाच मिनिटांत उद्याच्या डब्याकडे जातं, तोंड चालू असलं की जात नाही. सकाळी अंग हलवायचं असेल तर रेडिओ ताइसो. 1928 साली सुरू झालेला जपानी रेडिओवरचा व्यायाम, तिकडे सकाळी साडेसहाला लागतो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन, त्यामुळे रेकॉर्डिंगवरच करायचा. तीनेक मिनिटांत हात वर करा, वाका, वळा, उड्या मारा ही सगळी क्रियापदं अंगातूनच जातात.

ॲपवाल्यांनो, रागावू नका. पण सलग किती दिवस झाले त्याचा आकडा टिकवण्यासाठी रात्री अंथरुणात चार बटणं दाबणं म्हणजे आकडा टिकवणं. आणि इंग्रजी सबटायटल लावून जपानी मालिका बघणं हा इंग्रजी वाचनाचा उत्तम सराव आहे.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही, ती म्हणजे गप्पा. समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये हाइ, ए, सो देसु ने असे हुंकार द्यायची जपानी रीत भिंतीशी बोलून कशी टिकणार? माझी एक जुनी सहकारी आहे. शनिवारी जमेल तेव्हा आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फेऱ्या मारतो. जपानातल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, म्हणजे जागा तरी विषयाला धरून. नियम एकच, गेटच्या आत जपानी. पहिले काही शनिवार आम्ही जपानी संस्कृतीवर वगैरे बोलायचा प्रयत्न केला आणि दोघींना भयंकर कंटाळा आला. मग गाऱ्हाणी सुरू केली, तेव्हापासून वेळ पुरत नाही. घरमालक, साहेब, मुलाच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप. आणि जपानी व्याकरण तर गाऱ्हाण्यांसाठीच घडवलेलं आहे! अमे नि फुरारेता. पाऊस पडला आणि त्याचा ताप मला झाला, हे सगळं क्रियापदाच्या एका रूपात. कुणी रडलं, कुणी न सांगता आलं, कुणी नोकरी सोडून गेलं, सगळ्यांचा त्रास आपल्याला झाल्याचं त्याच रूपात सांगता येतं. वर्गात हा प्रयोग मला नीट वापरता यायचा नाही. आता सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर मी या प्रयोगात न थांबता बोलू शकते.

साहेबी थाटाची आदरार्थी जपानी, केइगो, मी जपत नाही. ती मीटिंगची भाषा, आणि माझ्या घरात मीटिंग नसतात. उद्या कुणी तसं काम दिलंच तर आठवडाभर घासून घेईन. ज्यांना नोकरीत ती लागते त्यांचं गणित अर्थातच वेगळं.

जर्मनवाल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे असलं मोजायचं काही नाही. मग चमच्यांचा ड्रॉवर उघडा की. डेअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर : चमचा, काटा, सुरी, तिन्ही लिंगं एकाच कप्प्यात. धुतलेली भांडी लावताना म्हणत जा. फ्रेंचवाल्यांना काय सुचवावं ते मला खरंच माहीत नाही, त्यांनी कमेंटमध्ये सांगा. आणि कर्वेनगर-वारजे भागात कुणी जपानीवालं असेल तर शनिवारी उद्यानात या, फक्त गाऱ्हाणं स्वतःचं आणा.