वणव्याने डोंगराची माती ‘पक्की’ होत नाही

भोर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या काकांनी परवा एक फिरता संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मग यंदा वरचा पड पेटवून द्यावा का?’ वणव्याने जमीन विटेसारखी भाजून पक्की होते व पावसात वाहून जात नाही, राखेने ती सुपीक होते आणि गवताची मुळे जिवंत राहत असल्याने धुपीची भीती नसते, असे त्या संदेशात म्हटले आहे. काकांसारख्या जाणत्या शेतकऱ्याला तो पटू लागला नसता, तर मी त्यावर वेळ घालवला नसता.

विटेचे आधी पाहू. वीट भाजायला भट्टी कित्येक दिवस धगधगत ठेवावी लागते. वाळक्या गवतातला वणवा एका जागी काही मिनिटेही थांबत नाही. तो मातीला भाजत नाही, तिच्यावरचे पांघरूण तेवढे जाळतो. एरवी गवत आणि पालापाचोळा पावसाचा मार झेलतात. ते गेले की थेंब थेट मातीवर आदळून ढेकळे फोडतात, सुटलेले बारीक कण व राख मातीच्या छिद्रांत बसतात आणि मुरायचे पाणी उताराने धावत सुटते. बरे, जमीन खरोखरच विटेसारखी झाली असे धरले, तरी तिच्यावर पडलेले पाणी जाणार कुठे? खालच्या खाचरातच ना?

जळालेला डोंगर किती ‘पक्का’ असतो, हे कॅलिफोर्नियातील मॉन्टेसिटो गावाने पाहिले आहे. डिसेंबर 2017 मध्ये लागलेल्या ‘थॉमस’ वणव्याने गावावरचे उतार उघडे पडले आणि 9 जानेवारी 2018 च्या पहाटे, जेमतेम पाच मिनिटांत सुमारे 13 मिलिमीटर पाऊस कोसळताच, चिखल-दगडांचे लोंढे वस्तीत घुसून 23 जणांचा जीव गेला. तिथली झुडपी राने व कडे वेगळे आहेत आणि आपल्या गवताळ उतारांवर धूप बहुधा इतकी नाट्यमय नसते, हे मान्य. पण सह्याद्रीतला पाऊसही काही बेताचा नसतो.

राखेबद्दल अर्धे सत्य आहे. तिच्यात पालाश व चुना असतो आणि राब भाजलेल्या, म्हणजे भाताचे बी पेरण्याआधी पालापाचोळा जाळलेल्या, तुकड्यात रोपे जोमदार येतात, हे काकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मात्र राबाचा तुकडा लहान आणि बांधलेला असतो. उतारावरची राख वाऱ्याने आणि पहिल्याच वळवाने निघून जाते, नत्राचा बराचसा अंश तर त्याआधीच धुरात जातो.

मुळे बऱ्याचदा जगतात, हेही खरे. पण फेब्रुवारी ते मे या काळात जळालेल्या उतारावर पुरेसे गवत उगवते ते पाऊस स्थिरावल्यावर. सुरुवातीच्या जोरदार सरी उघड्या मातीवरच पडतात.

काकांना मी कळवले आहे की, गवत वेळेवर कापून गंजी रचा आणि शेजारच्या रानातली आग येऊ नये म्हणून कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत नसलेला पट्टा, काढा. तीही जाळूनच काढतात, असे ते लगेच म्हणाले. बरोबर आहे, पण तो एक अरुंद पट्टा असतो, सबंध डोंगर नव्हे.