वायरमनच्या पहिल्या फेरीचे पैसे कोण देणार?

ठाण्यात घोडबंदर रोडला दादा-वहिनी राहतात, त्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी अजून आहे. मला काढून टाकायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. सध्या तिथे वाद पेटलाय तो वायरमन लोकांवरून. दोन फ्लॅटमध्ये रिनोव्हेशननंतर बिलावरून भांडणं झाली, तिसऱ्यात माणूस काम अर्धवट टाकून गेला. आता कमिटीचा प्रस्ताव असा: तीन ठरावीक इलेक्ट्रिशियन, पॉइंटमागे (दिवा, पंखा, सॉकेट अशा एकेका जोडणीमागे) ठरलेला दर, बाकीच्यांना गेटवरूनच परत पाठवायचं. प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरुद्धचे एकमेकांवर तुटून पडलेत, पण ‘ही माणसं ऐकूनच घेत नाहीत’ यावर दोघांचं एकमत आहे. मग कुणीतरी मला विचारतं, ‘तुमच्याकडे इंग्लंडमध्ये असले प्रकार नसतील ना?’

असतात की. इथे रेडिंगला आमच्या गल्लीत एकाने स्वयंपाकघरासाठी नवीन सर्किट टाकून घेतलं. इलेक्ट्रिशियनने भिंतीला झिरी मारली, केबल नेली, टेस्टिंग केलं आणि निघाला. मालकाची समजूत अशी की भिंतही तोच बुजवून देणार. कोटेशनमध्ये प्लास्टरचा शब्द नव्हता. बोलणंचालणं बंद. भाड्याच्या घरांची तऱ्हा वेगळी. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार घरमालकाला निदान दर पाच वर्षांनी वायरिंग तपासून अहवाल घ्यावा लागतो. त्यात प्रत्येक दोषापुढे खूण असते: सी-वन म्हणजे धोका आत्ता समोर आहे, सी-टू म्हणजे धोका होऊ शकतो, सी-थ्री म्हणजे सुधारणा केलीत तर बरं. सी-थ्री वाचून घाबरून अख्खा डीबी, म्हणजे घरातला वीजवाटपाचा मुख्य बोर्ड, बदलणारे मी पाहिलेत आणि सी-टू वाचून निवांत बसलेलेही. तेव्हा कागद हातात आला की गैरसमज मिटतात, असं कुणी सांगू नये.

तरी फरक आहे, आणि तो इंग्रज कारागिराच्या स्वभावात नाही, त्याच्या सहीत आहे. २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती वायरिंग बांधकाम नियमांखाली आलं. नवीन सर्किट, डीबी बदलणं, बाथरूममधलं ठरावीक काम असं काही केलं की ते नोंदवावं लागतं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन स्वतः टेस्टिंग करून प्रमाणपत्र देतो. ज्याने वायर ओढली त्याचंच नाव खाली येतं, म्हणून तो आधी विचारतो. शॉवर किती किलोवॅटचा आणणार? शेगडी गॅसची की विजेची? विजेवरची गाडी कधी घेणार? हे सौजन्य नव्हे. उद्या काही झालं तर कागद त्याच्याकडे बोट दाखवणार असतो.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत. त्यांच्या आधी २०१० चे होते. दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवं. नवीन मीटर घेताना महावितरणला ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. पण रिनोव्हेशनच्या वेळी हा कागद कुणी मागतं का? आणि मागितलाच, तर सही करणाऱ्याने ती भिंत पाहिलेली असते का? काम एकाचं, शिक्का दुसऱ्याचा.

आता वहिनीच्या हॉलची गोष्ट. फ्लॅटचं काम चालू असताना ती वायरमनला म्हणाली, ‘भाऊ, या भिंतीवर एसीचा एक पॉइंट काढून ठेवा, एसी आम्ही नंतर घेऊ.’ तो म्हणाला, ‘हो ताई.’ त्याने चार एमएमची वायर थेट डीबीपासून ओढली, त्याला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) दिला, सोळा अँपिअरचं सॉकेट बसवलं. कामात खोट काढायला जागा नव्हती. उन्हाळ्यात एसी आला. बसवणाऱ्याने एक नजर टाकली आणि सांगितलं, ‘आउटडोअर युनिट डक्टच्या बाजूला लागणार, पाण्याच्या पाइपला उतार तिकडेच मिळतो, तेव्हा एसी समोरच्या भिंतीवर.’ नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची पांढरी पट्टी गेली. वहिनी म्हणाली, ‘एवढं साधं त्याला कळू नये?’ तो म्हणाला, ‘ताई, भिंत तुम्हीच दाखवलीत.’

दोघंही खरं बोलत होते. आउटडोअर कुठे लागणार हा प्रश्न त्याला सुचला नसेल असं मला वाटत नाही. त्या इमारतीत त्याने बरीच घरं केली आहेत. पण त्याने विचारावं कशाला? त्याला पैसे पॉइंटवर मिळतात. विचारण्यात, थांबण्यात, सुताराशी आणि एसीवाल्याशी बोलण्यात अर्धा दिवस गेला तर तो त्याच्या पदरचा. वर ऐकून घ्यावं लागतं, ‘तुम्ही तुमचं काम करा, ते डिझायनर बघतील.’ आणि खरं दुखणं पुढेच आहे. आपल्याकडे जास्त प्रश्न विचारणारा कारागीर कच्चा समजला जातो. डॉक्टरने दहा प्रश्न विचारले की आपण त्याला हुशार म्हणतो. वायरमनने तीन विचारले की ‘याला येतं ना रे?’ म्हणून दुकानदाराला फोन जातो. मग तो मान डोलवायला शिकतो.

उंचीचंही तेच. मालक म्हणतो, बोर्ड चार फुटांवर घ्या. तो चार फूट मोजतो, पण खाली अजून फरशी बसलेली नसते. सिमेंटचा माल आणि लादी मिळून दोन-तीन इंच वर आले की बोर्ड खाली गेल्यासारखा दिसतो आणि ओट्यावरच्या टाइल्सची रेघ मधूनच कापली जाते. बेडच्या उशाशी घेतलेला टू-वे स्विच सुताराने वॉर्डरोब सरकवल्यावर त्याच्या मागे गाडला जातो. बिलाच्या दिवशी वेगळाच तंटा. पाच स्विचचा बोर्ड एक पॉइंट धरायचा की पाच, हे कामाआधी कुणीच ठरवलेलं नसतं.

ही सगळी पैशांची आणि रंगाची नुकसानी. नेरूळला आत्याकडे झालं ते मात्र जिवावर बेतणारं होतं. सिडकोची जुनी इमारत. पावसाळ्यात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, सतत पडायचा. वायरमनने सांगितलं, ‘काकू, गिझर तपासायला लागेल.’ आत्याने ऐकलं ते असं, की हा आता नवा गिझर गळ्यात मारणार. ती म्हणाली, ‘ते पडणारं बटणच काढून टाक.’ त्याने काढलं, सरळ जोडणी केली आणि मजुरी घेऊन गेला. घरातला आरसीसीबी साधारण तीस मिलीअँपिअर गळती झाली की पडतो. शॉकपासून माणूस वाचावा म्हणूनच तो असतो. एमसीबी ते काम करत नाही, तो ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी. गिझरचं कॉइल खरोखरच खराब निघालं. चुलतभावाने आत्याशी भांडून आरसीसीबी परत बसवून घेतला.

इथला इलेक्ट्रिशियन तिथे नाही म्हणाला असता, कारण मागे सही आहे. नेरूळच्या त्या माणसाला नाही म्हणण्याची सोयच नव्हती. तो नाही म्हणाला असता तर खालच्या दुकानातून दुसरा आला असता आणि त्याने काढून दिलं असतं. त्याचं चुकलंच, धडधडीत चुकलं. पण ‘हे लोक ऐकून घेत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की त्याने आत्याचं अगदी शब्दशः ऐकलं होतं.

मग इंग्लंडची पद्धत उचलून ठाण्यात आणावी का? मला तरी तसं वाटत नाही. इथे साध्या कामासाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. फॉल्ट शोधायला तासावर पैसे, सापडो न सापडो. रविवारी रात्री पंखा बंद पडला तर ठाण्यात निदान कुणीतरी टेस्टर घेऊन येतो. काकाच्या हाताखाली शिकलेले, आयटीआयची पायरी न चढलेले, तरीही हात साफ असलेले कितीतरी जण या शहरात पोट भरतात. गेटवर तीन नावांची यादी लागली की ते बाहेर आणि त्या तिघांची चंगळ. दरपत्रकाला तर माझा साफ विरोध आहे. पॉइंटचा दर आणखी पक्का करणं म्हणजे बोलण्याची किंमत शून्य आहे, हे सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून देणं.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं की पहिल्या फेरीचे वेगळे पैसे द्या, पाचशे म्हणा, हजार म्हणा. त्या फेरीत वायरमनने मालकाबरोबर घर फिरायचं. शक्यतो सुतारही हजर हवा. गिझर, एसी, इंडक्शन, पुढेमागे येणारी इलेक्ट्रिक गाडी, सगळं विचारायचं. खडूने भिंतीवर खुणा करायच्या, त्याही तयार फरशीपासून मोजून. पॉइंट कसे मोजणार आणि झिऱ्या कोण भरणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. प्लास्टर चढण्याआधी उघड्या भिंतींचे फोटो काढून ठेवायचे. उद्या कुणी टीव्हीसाठी ड्रिल मारताना तेच कामाला येतील. काम पुढे त्यालाच द्यायचं की नाही, हे मालकाने नंतर ठरवावं.

पहिलं उत्तर पाचव्या मजल्यावरून आलं: ‘हे पाचशे नंतर बिलातून वजा होणार ना?’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी लिहिलं, वजा करू नका. वजा केलेत तर ज्याला काम मिळेल त्याचं विचारणं पुन्हा फुकट, आणि तो पुढच्या घरात पुन्हा मान डोलवणार. सेक्रेटरींनी विषय वार्षिक सभेच्या अजेंड्यावर घेतलाय, दरपत्रकाच्या खाली.