गडचिरोलीची तिसरी जागा

विधानसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की नागपुरात पहिला प्रश्न हाच: विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, आता आणखी किती जाणार? काळजी रास्त आहे. पण भागाकारात उरलेल्या अपूर्णांकाचं काय करणार, हेही तितक्याच जोरात विचारायला हवं.

आपल्या नागपूर विभागाचंच गणित मांडा. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. भागिले २८८ केलं की एका आमदारामागे ३,९०,१८९ माणसं. त्याने जिल्हे भागले तर नागपूर ११.९३, चंद्रपूर ५.६५, गोंदिया ३.३९, वर्धा ३.३३, भंडारा ३.०८, गडचिरोली २.७५. अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा पूर्णांक, नाहीतर मागचा. बेरीज ३०. आज ३२ आहेत, कारण २००१ च्या आकड्यांवर वर्धा ३.६८ आणि गोंदिया ३.५७ येत होते. लोक तिथेही वाढले, पण राज्य जास्त वेगाने वाढलं.

आता याच ३० जागा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या जेफरसनच्या पद्धतीने वाटा. अपूर्णांक कितीही मोठा असो, तो सोडायचा आणि बेरीज ३० होईपर्यंत भाजक कमी करत न्यायचा. ३,५७,७०० वर बेरीज जुळते. नागपूर १३.०१, म्हणून १३. गडचिरोली २.९९९६, म्हणून २! भाजक उतरला की बाराच्या घरातल्या जिल्ह्याला अख्खी जागा वाढते, तिनाच्या घरातल्याला जेमतेम पाव. आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंत पसरलेल्या जिल्ह्याला दोनच आमदार, हे मला तरी मान्य नाही. नागपूरकर म्हणूनही नाही.

जेफरसनच्याच काळातले अमेरिकी नेते हॅमिल्टन यांची पद्धत सोपी वाटते: आधी पूर्णांक द्या, उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकांना. पण अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर हिशेब केला तेव्हा सभागृह २९९ चं असताना अलाबामा राज्याला ८ जागा येत होत्या, ३०० केलं तर ७. एकूण जागा वाढल्या आणि अलाबामाची एक गेली!

म्हणून माझा कौल तिसऱ्या पद्धतीला, अमेरिकी नेते वेबस्टर यांच्या. नेहमीसारखं अर्ध्यावर पूर्णांक करायचं आणि राज्याची बेरीज २८८ नाही आली तर भाजक थोडा सरकवायचा. लहान किंवा मोठ्या जिल्ह्यांच्या बाजूला ती सगळ्यात कमी झुकते. निर्दोष तीही नाही, एखाद्याला ११.९३ असताना १३ मिळणं तिच्यातही घडू शकतं, पण फार क्वचित.

ही पद्धत नव्या जनगणनेचे आकडे हाती येण्याआधी कायद्यात लिहा. नंतर जिल्हावार तक्ता मराठीत लावा: लोकसंख्या, भाजक, दशांश, मिळालेल्या जागा. आकडे आल्यावर पद्धत निवडायला बसलात, तर कोणाची जागा जाते ते बघूनच ती निवडली जाईल.